खान्देशातला लहान फ्लॅट आणि वर्षाचं सामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव इथल्या वन आरके आणि वन बीएचकेमध्ये राहणारी मंडळी जागेबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मोठ्या शहरांतल्या फ्लॅटसाठी दिले जाणारे सल्ले आपल्याकडे पुरते लागू पडत नाहीत. तिकडे किराणा आठवड्याला घरपोच येतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर वर्षाचे गहू येतात, दादर (रब्बी ज्वारी) येते, डाळी येतात, मिरची येते, कुलर बाहेर निघतो, आणि बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी नसतं. हे सगळं साडेतीनशे-चारशे चौरस फुटांत बसवायचं आहे, तेही घरात माणसांना मोकळं वावरता येईल असं.

आमच्याकडे फार सामान नाही, तरी घर कायम भरलेलं का वाटतं?

कारण घरात एकाच वेळी बारा महिन्यांचं सामान मोक्याच्या जागी बसलेलं असतं. मे महिन्यात कपाटाच्या मधल्या कप्प्यात रजया असतात आणि जानेवारीत हॉलच्या कोपऱ्यात कुलर उभा असतो. दोन्ही लागतात, पण एकाच वेळी लागत नाहीत.

घरातली खरी किमती जागा म्हणजे कमरेपासून डोळ्यांपर्यंतची. वाकावं लागत नाही, स्टूल लागत नाही. या पट्ट्यात फक्त चालू ऋतूचं आणि रोजचं सामान हवं. बाकीचं पायाशी किंवा डोक्यावर.

वर्षातून दोनदा घर पालटायचं. एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास आणि एकदा दिवाळीच्या आवरासावरीत. ही काही नवीन शिस्त नाही. घट बसायच्या आधी सगळ्या गोधड्या-चादरी धुवायच्या, पाडव्यानंतर पापड-कुरडयांना लागायचं, हे आपल्या घरांत होतंच. त्याच कामाला जोडून जागांची अदलाबदल केली की वेगळा वेळ काढावा लागत नाही. या पानावरची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीवर उभी आहेत.

वर्षाचे गहू वन बीएचकेत खरंच मावतात का?

मावतात, पण आधी माप काढा. एक क्विंटल गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते. १८ इंच रुंद आणि ३४ इंच उंच गोल कोठीत तेवढे बसतात. चौघांच्या घरात महिन्याला १५ ते २० किलो गहू धरले तर वर्षाला पावणेदोन ते अडीच क्विंटल होतात. त्यात दादर वेगळी.

अडचण ही की क्विंटलाची कोठी ओट्याखाली जात नाही. ओटा ३२ ते ३४ इंच उंच असतो आणि कडप्प्याची, फरशीची जाडी वजा जाता खाली तीस इंचांच्या आसपासच उरतात. म्हणून एका मोठ्या कोठीऐवजी अर्ध्या क्विंटलाच्या कोठ्या घ्या. १५ इंच रुंद, २४ इंच उंच. ही ओट्याखाली आरामात जाते आणि वरून झाकण उघडायलाही हात पुरतो.

ओटा एल आकाराचा असेल तर त्याच्या आतल्या कोपऱ्यात हात पोहोचत नाही, तिथे जुनी पातेली पडून राहतात. तिथे फिरणारी महागडी ट्रॉली बसवण्यापेक्षा कोठी ठेवणं मला जास्त पटतं. चार चाकांची लोखंडी चौकट करून घ्यायची, तिच्यावर कोठी. गहू महिन्यातून एकदाच दळणाला काढायचे असतात, तेव्हा चौकट पुढे ओढायची, महिन्याचे गहू काढायचे आणि परत ढकलायची. मधले दिवस तिच्यासमोर कचऱ्याची बादली किंवा कांद्याची टोपली राहिली तरी काही बिघडत नाही.

भरताना घाई करू नका. गहू कडक उन्हात असे वाळले पाहिजेत की दाताखाली धरला तर कडकन फुटेल. मग सावलीत पूर्ण गार होऊ द्या आणि नंतरच कोठीत भरा. गरम गहू बंद केले की आत वाफ धरते, आणि सोंडकिडे तिथूनच सुरू होतात. कोठी फरशीला टेकवू नका. खाली दोन विटा किंवा लाकडी पाट हवा.

आणि घर वन आरके असेल तर पूर्ण वर्षाचे गहू घरात आणूच नका. गावाकडे भावाकडे, सासरी, जिथे खात्रीची कोठी आहे तिथे निम्मे ठेवा आणि दिवाळीला उरलेले आणा.

गव्हात टाकायच्या गोळ्या फ्लॅटमध्ये चालतात का?

नाही. अजिबात नाही.

कृषी केंद्राच्या आडोशाने मिळणाऱ्या त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. त्यावर उतारा असं औषध नाही. जुन्या वाड्यात कोठीची खोली वेगळी असायची. फ्लॅटमध्ये कोठीपासून लहान मुलाच्या अंथरुणापर्यंत आठ-दहा फूटही अंतर नसतं, आणि रात्री खिडक्या बंद असतात. या गोळ्या गोदामांसाठी आहेत, तिथेसुद्धा प्रशिक्षित माणसाच्या हातून वापरायच्या. घरात कुणी आधीच टाकल्या असतील आणि लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येत असेल, तर दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा. मळमळ, उलटी, धाप यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव तिथे सांगा.

घरच्यापुरतं चांगलं वाळवण, घट्ट झाकण आणि कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला पुरतो. तुरीच्या डाळीला किलोला लहान चमचाभर एरंडेल चोळून ठेवलं की भुंगे लागत नाहीत. रवा, बेसन थोडंच आणा आणि आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. त्याने आतली अंडी मरतात.

बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड, वर्षाचं तिखट… हे कुठे?

हे सामान वजनाने हलकं आणि आकाराने अवाढव्य असतं, म्हणून ते वर जायला हवं. पण त्याआधी डबे बदला. चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की पाचव्या हिश्शाहून जास्त जागा कोपऱ्यांतच वाया जाते. पंधरा किलो तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे यासाठी उत्तम. साधारण सव्वानऊ इंच चौकोनी आणि चौदा इंच उंच. दोन फूट खोल माळ्यावर एकामागे एक असे दोन डबे नीट बसतात. आतून गरम पाणी आणि सोड्याने धुवून दोन दिवस उन्हात ठेवा, तेलाचा खवट वास राहता कामा नये. झाकणवाला डबा करून देणारे कारागीर अजून बाजारात आहेत.

बिबडे मोठे असतात आणि कडेने फुटतात, म्हणून ते लाटतानाच डब्याच्या मापाचे लाटून घ्या. सव्वानऊ इंचांच्या डब्यात आठ इंची बिबडा सुखाने राहतो. कुरडया खाली, त्यावर सुती कापड, वर बिबडे.

तिखटाचं वेगळं. नंदुरबारची मिरची आणून वर्षाचं तिखट करणाऱ्यांनी ते माळ्यावर ठेवू नये, उष्णतेने रंग उतरतो. ते अंधाऱ्या, खालच्या कप्प्यात, हिंगाचे खडे घालून, दाबून भरायचं. रोजच्या डब्यात पंधरा दिवसांपुरतंच काढायचं. काळा मसालाही तसाच. लोणच्याची बरणी जमिनीलगत, भिंतीच्या गार बाजूला.

माळ्यावर काय ठेवावं आणि काय नाही?

फ्लॅटमधला माळा साधारण सात फुटांवर असतो आणि वर स्लॅबपर्यंत दोन-अडीच फूट मिळतात. तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर असाल तर हे नीट वाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत असतो आणि माळा त्याच्या थेट खाली. घरातली सर्वांत गरम जागा तीच.

म्हणून वरच्या मजल्याच्या माळ्यावर औषधं नकोत. बहुतेक औषधांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. फोटोंचे अल्बम, तूप, तेल, मेणबत्त्या, रंगाचे डबे, सॅनिटायझर, जुन्या बॅटऱ्या, रेशमी साड्या यांपैकी काहीही नको. पत्र्याच्या डब्यांतलं वाळवण, स्टीलची मोठी भांडी, सुटकेसी, गौरी-गणपतीचं साहित्य हे चालतं. सुटकेस रिकामी ठेवू नका, मोठीत छोटी घाला आणि छोटीत स्वेटर.

जड काहीही वर नको. गहू, पुस्तकांची पेटी, जातं यांची जागा खाली. उतरवताना स्टुलावरून तोल जातो, आणि अशा वेळी इजा बहुधा घरातल्या बाईलाच होते. माळ्यावरच्या प्रत्येक डब्याच्या दर्शनी बाजूला खडूने नाव लिहा. पत्र्यावर खडू नीट उमटतो आणि ओल्या फडक्याने पुसलाही जातो.

आठ महिने कुलर कुठे ठेवायचा?

शक्य असेल तर तो घरात येऊच देऊ नका. खिडकीबाहेर पक्का लोखंडी स्टँड बसवून घ्या (सोसायटीला विचारून) आणि कुलर वर्षभर तिथेच राहू द्या. थंडीत फक्त वरून जाड ताडपत्री बांधा आणि पंख्याची बाजू आतून पुठ्ठ्याने बंद करा, नाहीतर कबुतरं घर करतात.

आत ठेवावाच लागला तर आधी टाकी कोरडी करा, मोटार काढून पुसून पिशवीत घाला, जुनं गवत टाकून द्या. पुढच्या वर्षी नवंच बसवायचं आहे, ते साठवण्यात अर्थ नाही. तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढून एकत्र बांधल्या की उरतो तो रिकामा सांगाडा, आणि तो रिकामा ठेवायचा नाही. टेबल फॅन, मोटार, पाण्याची नळी, गुंडाळलेल्या चटया, उन्हाळ्याचे पडदे असं उन्हाळ्याचं सगळं सामान त्याच्या पोटात जातं. वर फळी आणि कापड टाकलं की टीपॉयसारखा वापरता येतो.

रजया ज्या कोपऱ्यातून दिवाळीनंतर बाहेर निघतात, तोच कोपरा कुलरला द्यायचा. पाडव्याला परत उलट.

पाणी रोज येत नाही. ड्रम आणि टाक्यांनीच निम्मं घर व्यापलंय.

धुळे, भुसावळ इथल्या अनेक वस्त्यांचं हे रोजचं जगणं आहे, आणि घर लावण्याच्या सल्ल्यांत याचा उल्लेखही नसतो याचं मला वाईट वाटतं. चार-सहा दिवसांचं पाणी साठवणं ही हौस नाही.

दोनशे लिटरचा गोल ड्रम जवळजवळ चार चौरस फूट जागा खातो आणि भरल्यावर दोनशे किलोच्या वर जातो. असे तीन ड्रम गॅलरीच्या टोकाशी म्हणजे बाहेर झुकलेल्या स्लॅबवर सहाशे किलो. ते तिथे नकोत. ड्रम नेहमी भिंतीलगत, शक्यतो खाली बीम असेल तिथे, आणि एकमेकांपासून लांब ठेवा. गोल ड्रमाऐवजी उभट चौकोनी टाकी घेतली तर तेवढ्याच जागेत जास्त पाणी मावतं.

संडास-बाथरूमवरचा माळा ही टाकीची सर्वांत चांगली जागा. तिथे पाणी चढवलं की नळानेच वापरता येतं. पण तो माळा भरलेल्या टाकीचं वजन पेलेल की नाही हे अभियंत्याला दाखवल्याशिवाय टाकी चढवू नका. बऱ्याच इमारतींत तो माळा फक्त गिझर आणि बादल्यांसाठी टाकलेला असतो.

पिण्याच्या पाण्याचे हंडे-कळशा उतरंडीसारखे एकावर एक ठेवायला लोखंडी तिवई मिळते, दीड फुटाच्या जागेत तीन हंडे राहतात. साठवलेलं सगळं पाणी झाकलेलं हवं, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं करून, आतून घासून, कोरडं करायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, म्हणून घासायचं.

कानबाईला, लग्नसराईला पाहुणे येतात. गाद्या कुठे ठेवायच्या?

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (खान्देशातली घरोघरची देवी) बसते तेव्हा भाऊबंद एका घरात जमतात. वन बीएचकेत दहा-बारा माणसं झोपायची असतात. आणि कापसाच्या प्रदेशात आपण, गाद्याही कापसाच्या, जाड, जड.

पहिलं, गादीखाली गादी. पलंगावर रोज दोन गाद्या एकावर एक ठेवा. झोपही चांगली लागते आणि दुसरी गादी साठवायची राहत नाही. दिवाणावरही तसंच. दुसरं, रजया आणि जादा गोधड्या लोड-तक्क्यांच्या खोळीत गच्च भरा. दिवसा टेकायला तक्क्या, रात्री पाहुण्याला पांघरूण. तिसरं, उरलेल्या माणसांसाठी गादी नको, चटई हवी. प्लॅस्टिकच्या चटया जळगावातच बनतात, गुंडाळल्या की हाताच्या मनगटाएवढ्या होतात आणि दाराच्या मागे उभ्या राहतात. चटईवर दुहेरी गोधडी टाकली की श्रावणातल्या हवेत तेवढं पुरतं.

बॉक्सच्या पलंगात कापसाची गादी ठेवायची असेल तर आधी दोन ऊन द्या. दमट गादी बंद पेटीत गेली की महिन्याभरात कुबट वास येतो. हवा ओढून घेणाऱ्या पिशव्या पॉलिस्टरच्या रजईला ठीक, कापसाच्या गादीला त्यांचा उपयोग नाही.

मांड्यांचं खापर, जातं, पाटा-वरवंटा, सासूबाईंची पितळी भांडी… टाकवत नाही आणि ठेवताही येत नाही.

टाकू नका. वर्षभरात वापरलं नाही ते बाहेर काढा, हा नियम सगळ्या वस्तूंना लावणं मला मान्य नाही. पुरणाचे मांडे भाजायचं हे मातीचं खापर वर्षातून दोनदाच निघतं, पण ज्या दिवशी निघतं त्या दिवशी दुसऱ्या कशावर मांडे होत नाहीत. लग्नात हळदीच्या आधी जातं पुजावं लागतं. असं सामान कमी वापराचं आहे, निरुपयोगी नाही.

खापर फुटतं ते बहुधा कडेला धक्का लागून. ते सपाट फळीवर तोंड खाली करून ठेवायचं नाही, खाली जुन्या साडीची जाड चुंबळ हवी. त्याहून बरं म्हणजे सुतळीचं शिंकं करून बाल्कनीच्या किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या हुकाला टांगणं. छताजवळची ती जागा नाहीतरी रिकामीच असते. हूक स्लॅबमध्ये ड्रिलने पक्का बसवलेला हवा. वरून सुती पिशवी घाला. पुढच्या वेळी वापरण्याआधी मंद आचेवर हळूहळू तापवा.

जातं आणि पाटा तळमजल्याला किंवा गावाकडच्या घरी ठेवणं सर्वांत सोपं. फ्लॅटमध्येच ठेवायचं तर दाराशी, चपला काढायला बसण्याच्या लाकडी बाकाखाली. तिथे ते कुणाच्या पायातही येत नाही.

पितळी भांड्यांचं असं करा. घागर, हंडा, परात, पातेली एकात एक घालून उतरंड रचा, प्रत्येक दोनमध्ये वर्तमानपत्र. मग ठरवा की यातली रोज वापरता येतील अशी कोणती. पितळी परात कणिक मळायला, तांब्या पाण्याला, डबा धान्याला. वापरात आलेल्या वस्तूला वेगळी जागा लागत नाही. कानबाईच्या रोटांसाठी लागणारी मोठी पातेली मात्र प्रत्येक भावाने वेगळी ठेवायची गरज नाही. भाऊबंदांत एकच संच ठेवा, ज्याच्याकडे कानबाई त्याच्याकडे तो जाईल.

सासूबाईंशी बोलताना “हे टाकूया का” असं विचारू नका. “आई, हे कुठे ठेवलं तर तुम्हाला हाताशी राहील” असं विचारा. पुष्कळदा त्या स्वतःच दोन वस्तू नणंदेला देऊन टाकतात.

ट्रॉल्या कराव्यात की साधी मांडणी?

पैसे मर्यादित असतील तर ओट्याखाली दोनच ट्रॉल्या करा, ताटं-वाट्यांची आणि चमच्यांची. बाकी उघडी मांडणी. प्रत्येक ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना चॅनेलसाठी अर्धा-अर्धा इंच जातो, मागे मोकळी जागा सोडावी लागते, आणि तिथे झुरळं होतात.

माझ्या मते लहान स्वयंपाकघरातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पाच इंच खोल फळ्या. एक डबा मावेल एवढीच खोली. दोन फूट खोल कप्प्यात मागचा डबा दिसत नाही, मग घरात हळद असताना हळद आणली जाते. पाच इंचांच्या फळीवर मागे काही लपतच नाही. दाराच्या मागची भिंत, फ्रीजच्या बाजूची भिंत, ओट्यावरची टाइल्सची पट्टी, कुठेही बसते. आपल्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत जाड भिंतींतली फडताळं आणि कोनाडे याच कामाचे होते. फ्लॅटची भिंत चार-सहा इंचांची, तिच्यात कोरता येत नाही, म्हणून तिच्यावर बसवायचं.

दुसरा सिलिंडर कुठे?

उभा, हवेशीर जागी, कधीही आडवा नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून ओट्याखालच्या बंद कपाटात ठेवत असाल तर दाराला खालच्या बाजूने भोकं किंवा जाळी हवीच. पलंगाखाली, बाथरूमच्या बोळात, देवघराच्या दिव्याजवळ ठेवू नका.

घर भाड्याचं आहे, घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत.

चिकटवायचे हूक आपल्या उन्हाळ्यात, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीवर आणि साध्या डिस्टेंपरवर, टिकत नाहीत. टाइल्सवर टिकतात. त्यामुळे भिंतीवर न टेकता उभं राहणारं सामान घ्या. लोखंडी अँगलचा रॅक, सहा-साडेसहा फूट उंच, नटबोल्टचा. सोडवला की पट्ट्यांचा गठ्ठा होतो, टेम्पोत कुठेही बसतो आणि पुढच्या घरात फळ्यांची उंची बदलून पुन्हा उभा राहतो. त्याला पुढून जुन्या साडीचा पडदा शिवा. दोन भिंतींमध्ये दाबून बसणारा स्प्रिंगचा दांडाही कपड्यांना चालतो, पण जड कपड्यांना नाही.

गावाकडून कांदा, केळी, शेतीचं सामान येतं…

कांदा जाळीच्या पिशवीत टांगा, बटाट्याजवळ नको. केळीचा घड गॅलरीत टांगा आणि शेजारी वाटा, साठवायची ती गोष्ट नव्हे. फवारणीची औषधं, बियाण्यांची प्रक्रिया केलेली पाकिटं, फवारणीचा पंप हे फ्लॅटमध्ये एक दिवसही नको. शेतावर कुलूपबंद पेटी करा.

चपलांचं कपाट किंवा सायकल जिन्यात ठेवली तर?

जिना आणि पॅसेज सर्वांचे आहेत, आणि आग लागली तर बाहेर पडण्याचा तोच रस्ता आहे. महाराष्ट्रात यासाठी २००६ चा आगप्रतिबंधक कायदा आहे. धुराने अंधार झाल्यावर पायात येणारी वस्तू कुणाच्याही जिवावर बेतू शकते. चपलांसाठी दाराच्या आत, सहा इंच खोल तिरकं झडपीचं कपाट मिळतं.

कागदपत्रं, बिलं, टीव्ही-फ्रीजचे खोके?

खोके मोडून रद्दीत द्या. वॉरंटीला बिल लागतं, खोका लागत नाही. सातबारा, आधार, गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरवर किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळतात. मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोन्याच्या पावत्या मात्र एका जाड पिशवीत, लोखंडी कपाटात. माळ्यावर नाही आणि पलंगाच्या पेटीतही नाही.

उधई (वाळवी) आणि पावसाळ्यातली ओल यांचं काय?

इमारतींच्या खालच्या मजल्यांना उधईचा त्रास जास्त. लाकडी कपाट भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच सोडा, म्हणजे मातीच्या बारीक रेषा वेळेवर दिसतात. कपाट करायचं असेल तर ओट्याजवळ पाण्यात टिकणारं ७१० ग्रेडचं प्लायवूड घ्या, बाकी खोलीत ३०३ चालतं. मृगाच्या आधी पश्चिमेच्या आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरून हात फिरवून बघा. गार आणि दमट लागली तर त्या भिंतीचं कपाट चार महिने कपड्यांसाठी नाही, स्टीलच्या भांड्यांसाठी वापरा.

नवा फ्लॅट बुक करतोय. जागेच्या दृष्टीने काय बघावं?

आधी कार्पेट एरिया विचारा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीचा स्थावर मालमत्ता कायदा, २०१६ चा, आणि त्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमची बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. बिल्डर जो “बिल्टअप” किंवा “सुपर बिल्टअप” आकडा सांगतो त्यावर कपाटं बसत नाहीत.

मग टेप घेऊन जा. दारं कोणत्या बाजूला उघडतात ते बघा. दार उघडल्यावर ज्या भिंतीवर जातं ती भिंत कपाटाला बाद होते, आणि बऱ्याचदा दार उलट्या बाजूने बसवून घेतलं की अख्खी भिंत मोकळी होते. खिडकी भिंतीच्या मधोमध आहे की कडेला, तेही बघा. कडेला असेल तर शेजारी साडेसहा फुटी लोखंडी कपाट उभं राहतं.

काम चालू असेल तर प्लास्टरच्या आधी सांगून ठेवा. स्वयंपाकघराच्या दोन भिंतींवर माळा, बाथरूमवर टाकीचं वजन पेलणारा स्लॅब, ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे तीस इंचांच्या मोकळ्या उंचीचे, गॅलरीत एक नळ आणि एक पाणी जायला जागा, कुलरच्या खिडकीजवळ पंधरा अँपिअरचा प्लग आणि छतात दोन पक्के हूक. त्या वेळी हे काम गवंड्याच्या हातासरशी होतं. राहायला गेल्यावर हेच करायचं तर भिंत फोडावी लागते. जे ठरलं ते बिल्डरकडून कागदावर घ्या, आणि ताबा घेताना तोच कागद हातात धरून एकेक बाब तपासा.